नवा रंग, तीच गाडी?

गळलेले ब्रेक ऑइल जुन्या गाडीचा रंग फुगवून सोडवते, कारण डॉट ३ आणि डॉट ४ ही द्रव्ये ग्लायकॉलची असतात. ती पाण्यात मिसळतात, म्हणून आधी भरपूर पाण्याने धुवावे. मग गळती थांबवून, खराब रंग पत्र्यापर्यंत घासून प्रायमर आणि नवा रंग चढवतात. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी यानंतर तीच राहते का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात बौद्ध भिक्षू नागसेन मिलिंद राजाला असेच विचारतो: चाक, आस, जू यांत रथ कोणता? त्याच्या मते रथ हे व्यवहारापुरते नाव. न्याय-वैशेषिक दर्शनाचे मत अधिक कडक: अवयव बदलला की अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली वस्तूही नवी. पण रंगाचा थर अवयव नव्हेच. तो पत्र्याशी केवळ संयोगाने जोडलेला. तेव्हा त्यांच्याही हिशेबाने गाडी जुनीच.