कैद्याचा सूर्यास्त

गोदाकांठीं आयुष्य काढलेल्या माणसाला समुद्राची ओढ कांहीं निराळीच असते. आमच्या नदीचा पैलतीर हांकेच्या अंतरावर. तेव्हां ज्याला पैलतीरच नाहीं असें पाणी पाहावयास मिळालें, कीं मन उगीच मोठें झाल्यासारखें वाटतें. गेल्या दिवाळीच्या सुटींत सहकुटुंब रत्नागिरीस गेलों तो याच लोभानें. तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेला रत्नदुर्ग व त्यावरील भगवतीचें देऊळ पाहिलें. डोंगरालाच देव मानून जेथें त्याची प्रदक्षिणा करितात, त्या गणपतिपुळ्यासहि जाऊन आलों. त्यांच्या वर्णनाचें येथें प्रयोजन नाहीं. मला सांगावयाचें आहे तें थिबा राजाच्या वाड्याविषयीं.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ सालीं इंग्रजांनीं त्याला पदच्युत केलें आणि पुढच्याच वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें. मागें सह्याद्रि, पुढें समुद्र, रेल्वेचा पत्ता नाहीं. कैद्याला ठेवण्यास असें गांव सोयीचेंच. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठीं हा वाडा बांधून झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरांत तो येथेंच वारला. म्हणजे तीस वर्षें झालीं. वाड्यांत आतां वस्तुसंग्रहालय आहे. परंतु येणारांचे डोळे वस्तूंपेक्षां खालच्या भाट्याच्या खाडीकडे व पलीकडच्या समुद्राकडेच अधिक लागतात. जवळच ‘थिबा पॉइंट’ म्हणून सूर्यास्त पाहण्याची एक जागा आहे.

तेथें सूर्य बुडत असतां माझ्या नऊ वर्षांच्या नातीनें विचारलें, “आजोबा, राजाला हें आवडत असेल का हो?”

तीस वर्षें तत्त्वज्ञान शिकवीत आलेल्या माणसाची जीभ अशा वेळीं आवरत नाहीं. मीं तिला सांगितलें, कीं सुंदर वस्तु पाहून जो आनंद होतो त्यांत स्वार्थ नसतो. तिच्यापासून आपल्याला कांहीं मिळवावयाचें नसतें. म्हणून राजा काय आणि कैदी काय, सूर्यास्त सर्वांना सारखाच. कांटचें मत मुलांच्या भाषेंत मांडल्याचें समाधान मला क्षणभर लाभलें. ती म्हणाली, “पण त्याला घरीं जातां येत नव्हतें ना?”

मी गप्प बसलों. रात्रीं आठवलें, कीं कांटनेंच अन्यत्र एक अट घातली आहे : खवळलेला समुद्र भव्य वाटावयास पाहणारा सुरक्षित जागीं असावा लागतो. ही अट थिबाच्या बाबतींत पुरेपूर पाळली गेली होती. त्याच्यावर तर पहाराच होता! मग उणें काय होतें? पाठ फिरवून निघून जाण्याची मोकळीक. माझ्या खिशांत परतीचें तिकीट होतें. तो सूर्यास्त मला इतका रमणीय वाटला त्यांत त्या तिकिटाचाहि वांटा होता, हें कबूल करणें मला जड गेलें. कारण वर्गांत मी याच्या उलट सांगत आलों आहें.

कोणी म्हणेल, बंदिवासांतहि मन मुक्त राहूं शकतें. उदाहरणें शोधावयास रत्नागिरी सोडण्याचेंहि कारण नाहीं. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ सालीं येथलाच. इंग्रजांनीं त्यांना कैदेंत ठेविलें तें मात्र थिबाच्या मंडालेंत, आणि तेथें १९१०-११ च्या हिंवाळ्यांत त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहून काढलें. आमच्या नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर १९२४ ते १९३७ या काळांत याच जिल्ह्यांत स्थानबद्ध होते. येथलें पतितपावन मंदिर १९३१ चें. या दोघांनीं कैदेचें सोनें केलें, हें खरें. परंतु त्यांनीं तें केलें कामाच्या बळावर, देखाव्याच्या बळावर नव्हे. राज्य गेलेल्या राजाला करावयास काम कोणतें? त्याच्या वांट्यास उरलें तें पाहणें. पाहण्यावांचून दुसरें कांहींच हातीं नसावें, ही शिक्षा मला कोठडीहून फारशी हलकी वाटत नाहीं. आणि नवल हें कीं, आपण प्रवासी तीच स्थिति चार दिवसांपुरती पैसे मोजून विकत घेतों.

म्हणून सूर्यास्त पाहूं नये काय? इतकें सोवळें मला झेपणार नाहीं. पुढच्या वर्षीं बहुधा मी पुन्हां जाईन. मात्र सकाळीं राजाच्या समाधीवर गेलों. २०१२ सालीं म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तेथें येऊन गेले होते. त्या दिवशीं मात्र आमच्याखेरीज कोणी नव्हतें. नातीनें कुंपणाकडेचीं दोन रानफुलें तोडून ठेविलीं, आणि राजाच्या गांवीं अशीं फुलें असतात का, असें विचारलें. या वेळीं मीं कांटला मध्यें आणलें नाहीं.

संध्याकाळीं भाट्याच्या पुळणीवर गेलों. समोर समुद्र सोनेरी झाला होता, आणि ती त्याच्याकडे पाठ करून, टेकडीवर वाडा दिसतो का, हें शोधीत बसली होती.