नवशिक्याचा अधिकार

पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या वाटेवर, श्रावणाच्या सरी भातखाचरांवरून सरकत असता, एखाद्या शाळेच्या पडवीत ढोल-लेझमीचा सराव ज्याने थांबून ऐकला असेल, त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. ज्या मुलाच्या हाती टिपरू प्रथमच आले आहे, त्याला वाजवावयास द्यावे तरी काय? वरकरणी हा शिक्षकाच्या सोयीचा मामला दिसतो. माझ्या मते तो मुळात धर्मविचाराचा आहे, आणि आपल्या परंपरेत त्याला अधिकारभेद असे नाव आहे.

ज्याची जेवढी सिद्धता, त्याला तेवढे साधन, या तत्त्वात करुणा आहे यात संशय नाही; परंतु याच शब्दाच्या आड देवळांचे आणि पोथ्यांचे दरवाजे शतकानुशतके कित्येकांना बंद राहिले, हेही विसरता येत नाही. म्हणून शिष्याचा अधिकार पाहावा तो आज त्याच्या हाती काय ठेवता येईल एवढ्यापुरता, आणि उद्या तो पुन्हा नव्याने पाहावा. त्याचा कायमचा दाखला कोणी कोणाला देऊ नये. शिवाय सोपे म्हणजे उणे, ही समजूतही पारखून घेतली पाहिजे. इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला तेव्हा जात्यावर बसणाऱ्या बाईच्या ओठी रुळलेला ओवीछंद त्यांनी पत्करला, पण श्रोते साधे म्हणून अर्थ मात्र पातळ केला नाही.

असाच विवेक मला गुस्टाव्ह होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ठायी दिसतो. ऋग्वेदातील सूक्ते स्वतः भाषांतरित करता यावीत म्हणून संस्कृतचा अभ्यास करणारा आणि सावित्रीच्या आख्यानावर संगीतिका रचणारा हा पुरुष १९०५ पासून १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिकवीत राहिला. त्या शाळेच्या वाद्यवृंदासाठी त्याने तंतुवाद्यांची एक रचना केली, आणि फुंकवाद्ये वाजविणाऱ्या मुली बाहेर राहू नयेत म्हणून तिच्यात त्यांच्यासाठीही जागा केली. त्याने १९०९ साली लष्करी बँडसाठी लिहिलेल्या सुईटचा आरंभ तर अवघ्या आठ मात्राखंडांच्या एका साध्या स्वरावलीवर उभा आहे. तीच स्वरावली या वाद्याकडून त्या वाद्याकडे जात राहते आणि तिच्यातूनच सारे वैभव प्रकटते.

आपल्याकडे दिंडी हेच करीत आली आहे. वीणेकरी, मृदंगी आणि काठावरचा नवखा टाळकरी एकाच अभंगात उभे असतात. त्या पोराचा टाळ समेवर पडला की तो अभंग त्याचाही होतो, आणि आधी काही वर्षे परीक्षा दे, मग भक्ती कर, असे त्याला कोणी सांगत नाही.

याउलट एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी पाहिले ते अद्याप सलते: पाहुण्यांना दिपविण्याकरिता इतकी अवघड चाल निवडली होती की चार तयार मुले वाजवीत होती आणि उरलेली वीस-बावीस गळ्यात ढोल अडकवून, खाली मान घालून उभी होती. त्या मुलांचा हक्क तेथे बुडाला असे मी मानतो. चाल निवडताना मी प्रथम हे पाहीन की ताशाने तर्री धरल्यावर, ढोलाचे हात बदलत असता, पहिल्याच वर्षाच्या मुलाची एक थापी कोठे पडते, आणि ती चुकली तर सगळ्यांना जाणवते की नाही. लेझमीत ‘चार आवाज’ हा पहिलाच धडा मला म्हणूनच पूज्य वाटतो, कारण वाकबगार गडीही मिरवणुकीत वळून वळून त्याच्यावरच येतो.

त्या पडवीत, पाऊस ओसरला तेव्हा, पाचवीतला एक मुलगा आपली पाळी येईपर्यंत डावा हात ढोलाच्या पानावर अधांतरी धरून, श्वास रोखून मोजीत होता.