घरच्यांना ‘नाही’ सांगता येईल?

रात्री अकरा वाजता मामेबहिणीचा मेसेज आला. ‘दादा, शुक्रवारपर्यंत विषय ठरवायचाय. शेती, पाणी, आरोग्य की शहरं? स्कोप कशाला आहे?’

ती सार्वजनिक धोरण या विषयात पदवी करतेय, दुसऱ्या वर्षाला आहे. घर निफाड तालुक्यात. त्यामुळे ती शेतीच घेणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय.

मलाही आधी तेच वाटलं. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली. लासलगावात भाव पडले की घरात काय होतं, हे तिला कुठल्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. जे भोगलं तेच शिकावं, याहून प्रामाणिक निवड कुठली?

पण जे आपण भोगलेलं असतं, त्यात आपली बाजूही आधीच ठरलेली असते. महिनाअखेरीला पाव किलो कांदा मोजून घेणारी शहरातली बाई आपल्या गोष्टीत येतच नाही.

पाण्याचंही तसंच. २००५च्या कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप हे तत्त्व आणलं. २०१४च्या आदेशात त्याला आकडा मिळाला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. गंगापूर-दारणेतून पाणी सुटलं की नाशकात म्हणतात, ‘आमचं पाणी नेलं.’ पैठणला तेच पाणी ‘आमच्या हक्काचं’ असतं. कालव्याचं एक आवर्तन हुकलं तर द्राक्षबागेचं काय, ही निफाडची भीती खरी. खाली छत्रपती संभाजीनगरची तहानही तितकीच खरी.

मग जिव्हाळा नसलेलाच विषय घ्यावा का? तसंही नाही. जिव्हाळा नसेल तर माणसांची फाइल व्हायला वेळ लागत नाही. कुठला नियम नेमका कुठे टोचतो, हे जवळून पाहिलेल्यालाच आधी कळतं. फक्त त्या जवळिकीची किंमत मोजायची तयारी हवी. एरवी आपण आपल्याच लोकांची वकिली करत राहतो आणि तिला अभ्यास म्हणतो.

वकिली वाईट नाही. पण धोरण ठरवणाऱ्याच्या हातात समोरच्याचाही नळ असतो.

मी तिला लिहिलं, ‘स्कोपचं मला सांगता येणार नाही. एकच विचार कर. तुझ्याच अभ्यासातून निघालं की यंदा पाणी सोडायलाच हवं, तर जेवायला बसल्यावर ते मामांना सांगशील? ज्या विषयात हे सांगावं लागेल हे कळूनही तो सोडवत नाही, तो घे.’

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, ‘पप्पा आठवडाभर बोलणार नाहीत.’

थोड्या वेळाने अजून एक. ‘पैठणला आपल्या ओळखीचं कोणी आहे का?’