नक्कल करणें ही चोरी होय काय ?

संगणकावर काम करण्यास जें सॉफ्टवेअर लागतें, तें विकत न घेतां कोणाजवळून तरी उतरून घेण्याची चाल आतां खेडोपाडींही पडली आहे. दुकानदार तें संगणकांत घालून देतो, आणि घेणारा कांहीं विचारीत नाहीं. ह्यास चोरी म्हणावें काय, ह्याचा आज आम्ही थोडक्यांत विचार करितों.

कित्येक म्हणतात, "शेजाऱ्याचा बैल नेला तर त्याचें औत अडतें, परंतु नक्कल केल्यानें मूळ वस्तु धन्यापाशींच राहते. मग चोरी कशाची ?" ह्या बोलण्यांत तथ्य आहे, हें कबूल केलें पाहिजे. कायदाही हा भेद मानितो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत, व २०२४ सालीं तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही, दुसऱ्याच्या ताब्यांतील जंगम वस्तु लबाडीनें नेण्यासच चोरी म्हटलें आहे. नकलेचा अपराध १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत निराळा सांगितला आहे.

तथापि चोरी नव्हे म्हणून तें निर्दोष, असें होत नाहीं. नाव पैलतीरीं जातच आहे. तींत एकजण दडून बसला व भाडें न देतां पार झाला. नावेची एक फळीही गेली नाहीं, पण नावाड्याची मजुरी बुडाली. "एरवीं मी नावेंत बसलोंच नसतों," असें म्हणून तो सुटतो काय ? सॉफ्टवेअर रचणाऱ्याचे श्रमही असेच बुडतात. यास्तव बेकायदा नक्कल जाणूनबुजून वापरणाऱ्यास त्या कायद्यांत सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. लाभासाठीं वापर नसल्यास न्यायालय कैद माफ करूं शकतें.

"आम्ही गरीब, किंमत भारी," असें कोणी म्हणेल. गरिबीनें दोष हलका होतो, नाहींसा होत नाहीं. शिवाय आतां ती सबबही उरली नाहीं. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं मुक्त सॉफ्टवेअरचें कार्य आरंभिलें. आज लिनक्स व लिब्रेऑफिस हीं फुकट मिळतात, आणि त्यांच्या नकला वांटण्याची मोकळीक रचणाऱ्यांनींच दिली आहे. त्यांच्या शंभर नकला करा, कोणाचा अपराध होत नाहीं. ह्यावरून उघड होतें कीं, दोष नकलेंत नाहीं. धन्याच्या संमतीवांचून घेण्यांत आहे.

तेव्हां नकलेस बैलाच्या चोरीसारखी म्हणणें ही अतिशयोक्ति, आणि तिला कांहींच न म्हणणें ही लबाडी. मुलांस आठवी आज्ञा शिकविणाऱ्यानें आपल्या संगणकांत कोणाचे श्रम विनामोबदला पडले आहेत, हें एकदां अवश्य पाहावें.