हळवे मूल आणि आपला आग्रह

मे महिना जवळ आला की आमच्या धर्मग्रामातील पालक मुलांच्या शिबिरांची चौकशी करू लागतात. शुल्क किती, जेवण कसे, अंतर किती, हे सारे विचारले जाते. ‘आमचे मूल गोंगाटात गांगरून जाते, त्याला तेथे कसे वागविले जाईल?’ हा प्रश्न मात्र क्वचितच कानी येतो. आणि आलाच तर एखादी माता सर्वजण निघून गेल्यावर, दाराशी थांबून, अपराध्यासारखी विचारते. त्यात लाजण्याजोगे काही नाही, हे आम्हाला आमच्याच एका चुकीने शिकविले.

काही वर्षांपूर्वी पंचवीसेक मुलांना घेऊन आम्ही पोलादपूर तालुक्यातील कुडपण येथे चार दिवसांच्या शिबिरासाठी गेलो होतो. सह्याद्रीच्या उंच कुशीतील हे गाव. पावसाळ्यात तेथील धबधबे पाहण्यास लोक लोटतात; उन्हाळ्यात मात्र डोंगरातले जिणे किती कष्टाचे असते, हे मुलांनी पाहावे, असा आमचा हेतू होता. पहिल्या रात्री शेकोटी पेटली. ढोलकी, टाळ्या, आरोळ्या. आणि एकेकाचे नाव पुकारून त्याला मध्यभागी उभे करण्याचा खेळ. नऊ वर्षांच्या एका मुलाचे नाव आले तेव्हा त्याने दोन्ही कानांवर हात दाबून धरले. ‘अरे, वाघ ना तू!’ असे म्हणत आम्ही त्याला हाताला धरून पुढे ओढले. सगळे हसले. त्या क्षणापासून ते मूल मुके झाले. दुसरा दिवसभर त्याने शब्द उच्चारला नाही, घासही धड घेतला नाही. ‘निवळला एकदाचा,’ अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो आम्हाला शेजारच्या घराच्या ओटीवर दिसला. घरची म्हातारी करवंदे निवडीत होती आणि तोही निवडीत होता. तिने त्याला नाव विचारले नव्हते की गाव. आम्ही जवळ जाताच ती एवढेच म्हणाली, ‘बसू दे त्याला. त्याचं त्यो येईल.’ दुपारी तो खरोखरच आला आणि दोन मुलांना करवंदांची जाळी दाखवावयास घेऊन गेला. शेवटच्या रात्री मात्र तो शेकोटीपाशी आला नाही. ओटीवरूनच ऐकत बसला. आम्ही त्याला बोलावले नाही.

हा प्रसंग सांगितला तेव्हा एका गृहस्थाने आम्हाला विचारले, ‘पण फादर, श्यामच्या आईने काय केले? पोहायला घाबरणाऱ्या मुलाला मारून विहिरीवर धाडलेच ना?’ आक्षेप रास्त आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकातील हा प्रसंग मराठी घराघरांत ठाऊक आहे. मारणे आम्हाला मान्य नाही. तरीही त्या माऊलीत आणि आमच्यात मोठे अंतर होते. ती आपल्या मुलाला ओळखत होती. मारल्याचे दुःख तिलाच अधिक झाले आणि आपण असे का केले, हे तिने त्याला जवळ घेऊन सांगितले. आम्ही त्या मुलाला ओळखतही नव्हतो. त्याचे पुढे येणे त्याच्या हिताचे होते की आमच्या कार्यक्रमाच्या रंगतीसाठी हवे होते? उत्तर देताना आमची मान खाली जाते.

धैर्य हा सद्गुण आहे आणि मुलांना अडचणींना सामोरे जाण्यास शिकविलेच पाहिजे. परंतु धैर्य आतून उगवते. बाहेरून लादता येते ती केवळ शरणागती. काही मुलांना आवाज, प्रकाश, गर्दी, अनोळखी स्पर्श इतरांपेक्षा तीव्रतेने जाणवतात. हा लाडावलेपणा नव्हे आणि बहुधा आजारही नव्हे. काहींच्या बाबतीत त्यामागे स्वमग्नता असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिची स्वतंत्र नोंद घेतली आहे. कारण कोणतेही असो, मूल ढोंग करीत नाही, हे आधी मान्य करावयास हवे.

म्हणून पालकांनी शिबिर निवडताना संकोच न करता विचारावे: एका मोठ्या माणसाकडे किती मुले? सर्व दिवस तोच मार्गदर्शक राहील ना? दिवसाचा क्रम आधी सांगता येईल का? शांत बसण्यास एखादा कोपरा आहे का? ‘मला आता खेळायचे नाही’ असे मूल म्हणाले तर त्याची थट्टा होईल की त्याला पाहत बसू देतील? रात्री घरची आठवण आली तर कोण जवळ असेल? शक्य तर जागा मुलाला आधी दाखवावी. पहिल्या वर्षी संध्याकाळी घरी परतता येईल असे शिबिर निवडावे. आणि मुलालाही विचारावे. या प्रश्नांनी चिडणाऱ्या संयोजकाकडे मूल न पाठविणेच बरे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला लोक येशूकडे आणतात. प्रभू त्याला बरे करतो. परंतु त्याआधी त्याला गर्दीतून बाजूला, एकांतात नेतो. हे वचन आम्ही वर्षानुवर्षे वाचीत आलो होतो. त्यातले ‘बाजूला’ आम्हाला कुडपणच्या त्या ओटीवर कळले.

पुढच्या वर्षी त्या मुलाच्या आईने निरोप धाडला, ‘तो विचारतो आहे, शेकोटी लांबून पाहिलेली चालेल का?’ आम्ही कळविले, ‘चालेल.’

तो आला.