उशिरा मिळालेले फळ

कर्म संपल्यावर दीर्घ काळाने मिळणारे फळ त्याच कर्माचे कसे मानावे, हा प्रश्न वैदिक कर्मांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसक तत्त्वज्ञांनी यज्ञाच्या संदर्भात उपस्थित केला. यज्ञक्रिया तर संपून जाते आणि स्वर्ग पुढे केव्हातरी मिळतो, म्हणून या दोहोंना जोडणारी एक अदृश्य शक्ती कर्मातून उत्पन्न होते असे मानून त्यांनी तिला 'अपूर्व' ही संज्ञा दिली. ब्राझीलची मॅरेथॉनपटू आद्रियाना आपारेसिदा दा सिल्वा हिच्या कारकिर्दीतही हा प्रश्न उभा राहतो, आणि तिथे तो अधिक अवघड होतो.

साओ पावलो राज्यातील क्रुझेरू येथे १९८१ मध्ये जन्मलेल्या आद्रियानाने पॅन अमेरिकन स्पर्धेत, म्हणजे अमेरिका खंडांतील देशांच्या चतुर्वार्षिक क्रीडामहोत्सवात, २०११ साली ग्वादालाहारा येथे सुवर्णपदक जिंकले. २०१५ मध्ये टोरांटो येथे तिने ४२.१९५ किलोमीटरचे अंतर २ तास ३५ मिनिटे ४० सेकंदांत कापले, परंतु पेरूची ग्लॅडिस तेहेदा तिच्या २ मिनिटे ३७ सेकंद आधी पोहोचली. पुढे तेहेदाच्या चाचणीत फ्युरोसेमाइड सापडले. हे औषध शरीरातील पाणी लघवीवाटे बाहेर काढते आणि त्यामुळे अन्य द्रव्ये विरळ होऊन लपू शकतात, म्हणून ते निषिद्ध आहे. तेहेदा अपात्र ठरली आणि सुवर्ण आद्रियानाकडे आले. येथे हेही नोंदवले पाहिजे की, असा नियमभंग ठरवताना हेतू सिद्ध करावा लागत नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. त्यामुळे अपात्रतेच्या निर्णयाला चारित्र्याचा निवाडा समजणे अन्यायाचे होईल.

मग आद्रियाना विजयी केव्हा झाली? दोरीवर सापाचा भास व्हावा आणि नंतरच्या 'बाधक ज्ञाना'ने, म्हणजे आधीचे ज्ञान खोटे ठरवणाऱ्या ज्ञानाने, तो दूर व्हावा, तशी ती पहिल्यापासूनच विजयी होती, असे म्हणता येईल. हे उत्तर पुरेसे नाही. दोरी कोणी पाहो वा न पाहो, दोरीच असते. विजय मात्र नियमांनीच अस्तित्वात येतो. शिवाय पुढे कोणी आहे हे जाणून धावलेली शर्यत आणि आघाडीवर राहून धावलेली शर्यत एक नसते. निर्णयाने क्रम दुरुस्त होतो, शर्यत पुन्हा घडत नाही. यजमान कॅनडाची रेचेल हॅना चौथी आली होती. तिला कांस्यपदक मिळाले खरे, पण स्वदेशातील प्रेक्षकांसमोर पदकमंचावर उभे राहण्याचा तिचा क्षण तोवर निघून गेला होता. आद्रियानाच्या सुवर्णाला झालेल्या विलंबापेक्षाही ही हानी अधिक बोचणारी आहे.

मीमांसकांच्या मते फळ देण्यासाठी ईश्वराची गरज नसते, कर्मच ते देते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, मात्र कर्म अचेतन असल्याने फळ देणारा चेतन ईश्वर आवश्यक मानतात. क्रीडाविश्वाची रचना नैयायिकांच्या मताजवळ जाते, परंतु तेथील फलदाता सर्वज्ञ नाही. प्रयोगशाळेच्या हाती तेहेदाचा नमुना लागला नसता, तर आद्रियानाचे धावणे तसूभरही न बदलता ती कायमची दुसरी राहिली असती. म्हणून उशिरा आलेले सुवर्ण तिला बक्षिसासारखे दिले गेले असे म्हणणे चूक आहे. ते तिचे येणे होते, आणि ते चुकते करताना झालेल्या विलंबाची भरपाई कोणत्याही निकालपत्रात झालेली नाही.