माझा हात का थांबला?

मित्रहो, आधी माझा गुन्हा सांगतो, मग विचार.

मी भिवंडीत एका डाइंग मिलमध्ये जिगरवर काम करतो. पाळी बारा तासांची. आजा मुंबईच्या गिरणीत होता, १९८२ च्या संपानंतर इकडं आला. आमच्या वस्तीला चिकटून गोदामांचा रस्ता. न्हावाशेवाचं बंदर १९८९ ला सुरू झालं, २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, आणि माणकोली, राहनाळ, काल्हेरकडच्या भातशेतावर गोदामांचे पत्रे वाढतच गेले. मुंबईच्या घराघरात जाणारा माल आमच्या उंबऱ्यावरून जातो. फुटपाथ न्हाई. मैदान न्हाई. पोरं रस्त्यावरच वाढतात.

गेल्या पावसाळ्यात शेजारची नऊ वर्षांची पोर साखर घेऊन येत होती. वळणावर कंटेनर वळला. लांब गाडीचं तोंड बाहेरून फिरतं आणि मागची चाकं आतून कापत येतात. डाव्या अंगाला खेटून चालणारं लेकरू ड्रायव्हरला दिसतच न्हाई. पोरीचा पाय गुडघ्यापासून गेला.

मी रातपाळी करून झोपलो होतो. आरडाओरडा ऐकून धावलो. लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढलेलं. दोन लाथा मी पण घातल्या. मग विटेचा तुकडा उचलला. तेवढ्यात काचेवर नजर गेली. निळ्या अक्षरात ‘जय भीम’. हात थांबला. मी ओरडलो, “आपला हाय रे, सोडा!” लोकांनी सोडलं.

दोस्त म्हणाले, तू एक जीव वाचवलास. मलाही बरं वाटलं. चार दिवसांनी दवाखान्यात गेलो तर पोरीची आई म्हणाली, “भाऊजी, तुम्ही त्याला आपला म्हणालात. मग माझी पोरगी कुणाची?”

मला उत्तर देता आलं न्हाई. तेव्हापासून हाच प्रश्न मी स्वतःला विचारतोय. काचेवर दुसरं नाव असतं, दुसऱ्या देवाचं चित्र असतं, तर? वीट पडली असती. म्हणजे मला माणूस दिसलाच नव्हता. आधी चिठ्ठी वाचली, मग दया करायची की न्हाई ते ठरवलं. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या माणसांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधलं, ते तरी काय होतं? बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते मांडलंय. आधी माणूस कुणाचा ते बघा, मग त्याला रस्ता द्या. मी पण रस्त्यावर उभं राहून तेच केलं. फक्त माझी चिठ्ठी निळी होती.

एक दोस्त भडकला. म्हणाला, “बाकीचे घेतात का आपली बाजू? आपण आपल्यांची घेतली तर काय बिघडलं?” त्याचं अर्धं खरं आहे. आपल्या माणसावर अन्याय झाला तर एकत्र उभं राहिलंच पाहिजे. पण एकत्र न्यायासाठी उभं राहायचं. न्यायाचं मापच आपलं-परकं बघून बदलायला लागलो, तर मग मनूशी भांडण कशाचं?

आता दुसरा प्रश्न. दोषी कोण? ड्रायव्हरला नंतर चौकीत भेटलो. वीस तास स्टिअरिंगवर होता. पैसे फेरीवर मिळतात, थांबला तर बुडतात. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा दिवसाला ८ तास सांगायचा, आठवड्याला ४८. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात, १९४६ ला, कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. कायदा कागदावर आहे. मलाही पहाटे चारला जिगरवर डुलकी लागते. माझ्या डुलकीनं कापडावर डाग पडतो, त्याच्या डुलकीनं लेकराचा पाय जातो. मालक वेगळे, घड्याळ एकच.

मग ड्रायव्हर निर्दोष? न्हाई. ब्रेकवर पाय त्याचा होता. गरिबाला जबाबदारीच नसते असं म्हटलं तर आपण त्याचं माणूसपणच काढून घेतो. त्यानं कोर्टात उत्तर द्यावं. पण फेरी लावणारा मालक, तासाला माल मागणारा गोदामवाला आणि फुटपाथ न बांधणारी नगरी, ही पण त्याच्याशेजारी उभी राहावीत. दुःखाला कारण असतं हे बुद्धानं शिकवलं. कारण सोडून आपण हाताला लागलेल्या माणसाला बडवतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. एवढ्या मरणाला काय एकेकटे ड्रायव्हरच कारण?

अजून एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं, जखमीला दवाखान्यात नेणं ड्रायव्हरचं काम. जमावाच्या रागामुळं जमत नसेल तर सूट. २०२४ च्या जानेवारीत ड्रायव्हरांनी संप केला, तेव्हा तेही म्हणत होते, थांबलो तर लोक मारतात. तो जमाव म्हणजे मीच होतो. माझी वीट उद्याच्या ड्रायव्हरला पळायला शिकवते, आणि उद्याची पोर रस्त्यावर तशीच पडून राहते.

महाडला २० मार्च १९२७ ला आपली माणसं गावच्या रस्त्यानं चालत चवदार तळ्यावर गेली. पाणी सगळ्यांचं, तसा रस्ताही सगळ्यांचा, हे त्यांनी चालून दाखवलं. त्याच कायद्याच्या कलम ११५ नं सरकारला ठरावीक रस्त्यावर ठरावीक गाड्या बंद करता येतात. आम्ही वहीत गाड्या मोजतोय, वेळेसकट. अर्जात लिहिलंय: शाळेच्या वेळेत कंटेनर बंद, वळणावर गतिरोधक, फुटपाथ. आणि चौथी मागणी, ड्रायव्हरांना गाडी लावून झोपायला जागा. या चौथ्या मागणीवरून वस्तीत भांडण झालं. “त्याच्यासाठी आपण कशाला मागायचं?” मी म्हटलं, तो झोपला तर आपली पोरं जगतील. पहिली सही पोरीच्या आईनं केली.

अर्ज गेलाय, उत्तर आलेलं न्हाई. पण पुढच्या वेळी काचेवर काहीही लिहिलेलं असो, माझा हात थांबेल का? छातीवर हात ठेवून मी हो म्हणू शकत न्हाई. तुम्ही म्हणू शकता का? लिहून कळवा.

जय भीम.